'हे' नावाची फाईल

"झिपमध्ये ह्यांची अकरा रेकॉर्डिंगं होती," आईने मोबाईल हेरंबपुढे धरला. "उघडली तर एकच निघालं."

हेरंबने फाईलचं नाव वाचलं. 'हे'. वर्षापूर्वी गेलेल्या बाबांचं नाव आईने जन्मात घेतलं नव्हतं. तारखेच्या प्रत्येक फोल्डरातल्या रेकॉर्डिंगला तिने 'हे' एवढंच नाव दिलं होतं.

तिच्या मोबाईलमधल्या ॲपचा झिप उघडणारा कोड त्यानेच लिहिलेला. फोल्डर मोडून सगळ्या फायली एकाच जागी काढायच्या, सारखं नाव आलं की आधीची पुसायची, शेवटी झिपही पुसायची, हे त्यानेच ठरवलेलं. "पुसण्याआधी विचारूया का?" असं ऑफिसातली मीनल म्हणाली, तेव्हा तो हसला होता. "सगळ्यांना एकच नाव देतं कोण?"

उरलेलं रेकॉर्डिंग दवाखान्यातलं होतं. त्यात बाबा नुसते खोकत होते.

"तुला कळतं ना यातलं," आई म्हणाली. "काढ की बाकीची."