वॉलपेपरवरचा धबधबा

“आईंच्या फोनमध्ये उगाच काही बदलू नकोस, त्यांचा गोंधळ होतो,” नवरा म्हणाला होता. मी हसण्यावारी नेलं. करमाडला माहेरी गेले तेव्हा आई भाकऱ्या थापत असताना तिच्या फोनवरचा फिकट गुलाब काढून झगझगीत धबधबा लावला. संभाजीनगरला घरी परतले, तर दुसऱ्या दिवशी ती फोनच उचलेना. बाहेर बेचाळीस अंश, ती एकटी. लेकीला कडेवर घेऊन मी करमाडची जीप गाठली. आई उंबऱ्यातच बसलेली, फोन रुमालात गुंडाळून. “टँकरच्या गर्दीत कुणाचा तरी फोन माझ्या पिशवीत आलाय गं. सारखा वाजतोय. परक्याचा कसा उचलू?” “अगं, तुझाच आहे!” “व्हय? एवढं पाणी आपल्या गावच्या फोनात कुठून येईल?” मग नातीचा हसरा फोटो तिनंच निवडला. संभाजीनगरला परत पोचून फोन लावला, तिनं लगेच उचलला. तुमची आई फोन उचलत नसेल, तर आजच जाऊन या.