उजवीकडचा भांग

शवागारातल्या माणसानं बाबांच्या तोंडावरची चादर सारली आणि खिशातून कंगवा काढला. “काका, मुलगा आलाय बरं तुमचा. नीट दिसायला नको?” तो त्यांना म्हणाला. मी ओळख पटवून सही करायला आलो होतो, प्रवासभर गाढ झोपून. “यांचा भांग कुठल्या बाजूला?” त्यानं विचारलं. मला आठवेना. अकरा वर्षं आमचं बोलणं फोनवरच, तेही ‘बरंय ना?’ एवढंच. “डावीकडे,” मी ठोकून दिलं. त्यानं तसा पाडला. केस बसेनात. कंगवा भिजवून पुन्हा पाडला. केस पुन्हा उसळले. मग त्यानं उजवीकडे कंगवा टेकवला. केस निमूट बसले आणि समोर एकदम माझे बाबा दिसले. माझ्याकडे न बघता चादर गळ्यापर्यंत ओढत तो बाबांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, “रागावू नका, काका. लांबून आलाय, दमलाय तो.”