घड्याळ लावून

नऊला दहा मिनिटं कमी होती. इस्पितळाचे नवे मोठे साहेब नोंदणीच्या पहिल्या खिडकीत बसले. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून त्यांनी एका पेशंटचं नाव टाइप केलं. नव्या सर्व्हरवरून फाइल उघडली.

"अर्धा सेकंद! आणि तुमचं ते जुनं धूड किती घ्यायचं?"

"दोन," सर्व्हर सांभाळणारे काका म्हणाले. थंड खोलीतून आल्यामुळे त्यांच्या अंगात स्वेटर होता. कोपरावर विरलेला. विणणारी गेल्यापासून तो तसाच होता.

"दोन! आणि ते कवटाळून बसला होतात."

"साहेब, त्यात अठ्ठेचाळीस कोअर आहेत, म्हणजे काम उपसणारे अठ्ठेचाळीस हात. सावकाश चालतात, पण अठ्ठेचाळीस आहेत. ह्यात चारच. तुम्ही चार धावपटू आणलेत. इथे शर्यत नाही, पोती उतरवायची आहेत."

साहेब हसले. "सावकाश मशीनला माणूसही सावकाशच मिळालाय. दहाला भंगारवाला येतोय. ते त्याच्या गाडीवर चढवा. जमलं तर हा स्वेटरही."

काकांनी बाहेर बघितलं. काचेपलीकडे रांग दारापर्यंत गेली होती.

नऊला चाळीस खिडक्या उघडल्या. चाळीस कारकुनांनी चाळीस नावं टाइप केली. वरच्या वॉर्डांत शंभरेक स्क्रीन चालू झाले. पहिल्या खिडकीतल्या स्क्रीनवर चक्र गरगरू लागलं, मग सगळ्यांवरच.

नऊ वीसला सिस्टर जिना उतरून धावत आली. "पोरगी ऑपरेशनच्या टेबलावर आहे आणि तिचा रक्तगट दिसत नाहीये! नोंद बघितल्याशिवाय रक्तपेढी बाटली देत नाही!"

"नेटवर्क असेल," साहेब म्हणाले. "सगळ्यांनी एकदम वापरू नका ना. जरा दमानं घ्या."

"तिच्या रक्तालाही सांगू का, दमानं वाहा म्हणून?"

काका केव्हाच थंड खोलीत पोचले होते. जुनं मशीन त्यांनी बंद केलंच नव्हतं, रोजच्या नोंदी त्यातही जात होत्या. त्यांनी नव्यातली नेटवर्कची वायर काढली आणि जुन्यात खोचली.

सिस्टरच्या समोरचं चक्र थांबलं. तिने रक्तगट मोठ्याने वाचला आणि एका वेळी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. रांगा सरकू लागल्या. कुठलीच खिडकी घाईत नव्हती, कुठलीच अडत नव्हती.

दहाला भंगारवाला आला. काकांनी त्याला रिकाम्या गाडीनिशी परत पाठवलं.

साडेअकराला साहेब पुन्हा पहिल्या खिडकीत बसले. घड्याळ डोळ्यांसमोर धरून त्यांनी नाव टाइप केलं.

"बघा, दोन सेकंद! मी म्हणालो नव्हतो?"

रांग केव्हाच संपली होती. हॉल रिकामा झाला होता. झाडणारी बाई खिडकीत शिरली आणि म्हणाली, "साहेब, जरा पाय वर घ्या."