गोळ्यांमुळे

ढब्याच्या शरीराने स्वतःच्याच रक्ताशी वैर धरलं होतं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांनी कुत्रा वाचला, पण त्याला लघवी आवरेना. रोज सकाळी फरशी पुसताना सून त्याला समजवायची, "तुझा दोष नाही रे राजा. गोळ्यांमुळे होतं."

डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या. ढब्या लघवीला पुन्हा फाटकाबाहेर जाऊ लागला.

आज सासऱ्यांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत फरशी ओली होती. नवरा म्हणाला, "अगं, ह्याच्या गोळ्या तर कधीच बंद झाल्या ना?"

"अहो, हळू. बाबा जागे आहेत."

तिने फडकं घेतलं, ढब्याला जवळ ओढलं आणि बंद दारापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "तुझा दोष नाही रे राजा. गोळ्यांमुळे होतं."