मास्तरांनी माफ केलं नाही

प्रभुभोजनासाठी चर्चमधली सगळी माणसं उठून वेदीपुढच्या कठड्याशी गेली आणि उत्तम मास्तर बाकावरच बसून राहिले.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे असंच व्हायचं. मनात कुणाविषयी अढी असेल तर भाकर-प्याल्याला हात लावू नये, असं पाळकसाहेबांनी एकदा उपदेशात सांगितलं होतं. मास्तरांनी ते चार वर्षं पाळलं. आधी लोक कुजबुजले, मग सवय झाली. रोज संध्याकाळी घरात प्रार्थना घेणारा माणूस पोटच्या पोराला माफ करत नाही, म्हणजे कमालच म्हणायची.

घरी जाताना सुमनबाईंना दम लागला. सौंसरच्या बसस्टँडजवळ एका ओट्यावर त्या टेकल्या.

"अजून किती वर्स असं बसून राहान जी?"

"चाल, ऊन होऊन राहिलं."

"एकच लेक आहे आपल्याले. त्याले माफ करा ना एकडाव."

"घरी चाल, सुमन."

प्रकाश नागपूरला एका छापखान्यात लागला होता. तिथंच इंदोरा वस्तीतल्या शोभाशी त्यानं कोर्टात लग्न केलं. पोरगी बौद्ध. ती बाप्तिस्मा घ्यायला तयार नव्हती आणि प्रकाशनंही तिला आग्रह केला नाही. ऐंशी सालच्या ईस्टरला तो तिला घेऊन पाया पडायला आला, तर मास्तरांनी दोघांना दारातूनच परतवून लावलं. साधं पाणीही विचारलं नाही. सुमनबाई आतल्या खोलीत तोंडाला पदर लावून रडत राहिल्या.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांना हृदयाचा त्रास सुरू झाला. आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. मनाला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी मास्तरांना बाहेर नेऊन बजावलं. त्यानंतर मास्तर जरा निवळले. "नाताळाले बोलावू त्याईले," असं एकदा जेवता जेवता त्यांच्या तोंडून निघून गेलं. सुमनबाईंना आकाश ठेंगणं झालं. शोभाला गोड आवडतं की तिखट, याचाच विचार त्या दिवसभर करत बसल्या.

नोव्हेंबरात मास्तर चष्म्याचा नंबर काढायला नागपूरला गेले. दोन दिवस सांगून गेले आणि पाचव्या दिवशी परतले. चष्मा जुनाच होता.

"प्रकाश भेटला काय?" सुमनबाईंनी दारातच विचारलं.

मास्तरांनी चपला काढल्या, पाय धुतले.

"भेटला."

"काय म्हने?"

"मी बोललो नाही त्याच्यासंग. अन् बोलनार बी नाही. आता ह्या घरात त्याचं नाव काढायचं नाही."

बापलेकात पुन्हा वाजलं, एवढं सुमनबाईंना कळलं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मास्तर बाकावर बसून राहिले.

पत्ता फक्त मास्तरांना ठाऊक होता. शेजारची छाया इनलँड पत्र घेऊन लिहायला बसायची, पण पाठवणार कुठं? सुमनबाईंनी पत्ता मागितला की मास्तर बाहेर निघून जायचे. नाताळात प्रकाशच्या नावानं करंज्यांचा एक डबा बाजूला राहायचा आणि जानेवारीत छायाच्या घरी जायचा. "दोघं बी सारखेच हट्टी," म्हणत सुमनबाई डोळे पुसायच्या. पोरगाही एक ओळ लिहीत नाही, याचं त्यांना नवल वाटायचं. मग बापाच्या धाकानंच लिहीत नसेल, असं त्या स्वतःला समजावायच्या. मास्तर मात्र दर नोव्हेंबरात चष्म्यासाठी नागपूरला जाऊन यायचे. प्रकाशला निरोप द्या म्हटलं तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये सुमनबाईंनी अंथरूण धरलं ते कायमचंच. पाळकसाहेब भाकर आणि द्राक्षरस घेऊन घरी आले. उशाशी छाया होती, पायथ्याशी मास्तर.

"आज तुमी बी घ्या माह्यासंग," सुमनबाई म्हणाल्या. "प्रकाशले माफ केलं, एवढंच म्हना. अन् तार करा त्याले. दोन दिवस मी वाट पाहीन. तोंड पाहू द्या माह्या लेकाचं."

पाळकसाहेबांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हणा मास्तर. एका शब्दाचं तर काम आहे."

मास्तरांचे ओठ हलले. खाटेची पाटी त्यांनी घट्ट धरून ठेवली होती.

"नाही करत मी माफ," ते म्हणाले.

छाया तोंडात पदराचा बोळा कोंबून बाहेर गेली. सुमनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तसं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"देवच पाहून घेईन तुमाले," म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या. मग मास्तरांशी बोलल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी गेल्या.

मूठमातीला सगळी मंडळी होती. प्रकाश नव्हता. छाया कबरीशीच मोठ्यानं बोलली, "ह्या मानसापायी मावशीनं लेकाचं तोंड नाही पाहिलं." तिला कुणी गप्प केलं नाही. परतताना मास्तरांसोबत कुणीच चाललं नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस ईस्टर आला. प्रभुभोजनाच्या वेळी मास्तर बाकावरून उठले, कठड्याशी गेले आणि त्यांनी गुडघे टेकले. भाकर घेतली, प्यालाही घेतला. मागं बायकांत रागाची कुजबुज उठली. जिच्यासाठी करायचं ती गेल्यावर याला शहाणपण सुचलं! काही जणी तर उठून बाहेर गेल्या.

मे महिन्यात मास्तर दगडावर नावं कोरणाऱ्या कवडूकडे गेले. सुमनबाईंच्या कबरीवर कोरायचा मजकूर त्यांनी कागदावर नीट अक्षरात लिहून नेला होता. कवडूनं पहिली ओळ वाचली, मान डोलावली आणि तो थबकला.

"खाली अजून एक नाव आहे, मास्तर. तारीख बराबर आहे ना?"

"बराबर आहे. तशीच कोर."

कवडूनं कागद उजेडात धरला आणि अडखळत वाचलं, "तिचा मुलगा प्रकाश, ख्रिस्तवासी, नागपूर, सतरा नोव्हेंबर एकोणीसशे एक्याऐंशी."