माशाचं अंथरूण

लिंबाचा थेंब पडला आणि संगमरवराच्या चिपा फसफसल्या.

"पास!" मधू म्हणाला. कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी, त्यामुळे घरातही तोच कारभार. पाताळगंगा नदीच्या काळ्या वाळूवर त्याने आधीच लिंबू पिळून पाहिलं होतं. ती ढिम्म हलली नव्हती. माशाच्या टाकीत समुद्राच्या पाण्याखाली चुन्याच्या अंगाचा तळ हवा, नाहीतर पाणी हळूहळू आंबट होतं आणि मासे जातात, असं त्याचं शास्त्र. श्रीवर्धनहून आणलेली शिंपल्यांची वाळू मात्र चिपांसारखीच फसफसली. दोन्ही चालतील, म्हणाला. मग निवड आईवर आली.

"चिपाच घाल," येसूबाईंनी निकाल दिला. "कशा मोत्यांसारख्या चमकतायत! ती मळकट वाळू कशाला? चार लोक बघायला येणार."

लोक येणारच होते. मोहोपाड्याच्या कॉलनीत घरात समुद्र आणणारा मधू पहिलाच. काचेची टाकी, टेंपोतून आणलेलं खारं पाणी, पोवळ्याचे दोन खडक आणि मेव्हण्याने समुद्रकाठच्या डबक्यातून धरून दिलेला एक लांबट हिरवा मासा. हा सगळा खटाटोप बायकोसाठी होता. पद्मजा श्रीवर्धनची. तिच्या माहेरी परसदार संपलं की समुद्रच.

लग्न होऊन आल्यापासून पोरीला झोप नव्हती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. तव्यावरची पोळी करपेपर्यंत तिला भान नसायचं. विचारलं की, "काही नाही हो आई." येसूबाईंनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? सून येणार म्हणून सावरीच्या कापसाची नवी गादी भरून घेतली होती, चांगली वीतभर जाड. तिच्या तळपायांना तेल चोळलं, जायफळ उगाळून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी. आता रविवारी तिचा भाऊ कमळाकर तिला न्यायला येणार होता. हवापालटाला म्हणे! शेजारच्या बिऱ्हाडातली सून अशीच हवापालटाला गेली होती, ती अजून येतेच आहे. येसूबाईंना ही मुलगी हवी होती. सून म्हणून नव्हे, पोर म्हणून. पण असं काही तोंडाने बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्या दिवसभर भांड्यांवर चिडत.

चिपा पडल्या. टाकी झळकली. मासा मात्र तिथे रमेना. दिवस मावळला की तळाकडे झेपावायचा, चिपांवर आपटायचा, पुन्हा वर यायचा. त्याचं तोंड सोलवटलं. खाणं सुटलं.

"आई, ह्याला निजायला जागा नाही," पद्मजा म्हणाली.

"मासा कधी निजतो का गं?"

"हा निजतो. अंधार पडायला लागला की वाळूत शिरतो आणि तीच अंगावर ओढून घेतो. चिपांत कसा शिरेल? टोचतात त्या त्याला."

येसूबाईंना ते जरा लागलंच. इतक्या हौसेने निवडलेल्या, रिठ्याच्या पाण्याने घासलेल्या चिपा! पण माशाचं ते सोलवटलेलं तोंड त्यांना बघवेना. "घाल बाई तुझी मळकट वाळू," त्या म्हणाल्या.

शनिवारी चिपा निघाल्या. मासा बादलीत बसला. पद्मजेने वाळू धुऊन धुऊन टाकीत पसरली, पिठासारखी मऊ. संध्याकाळपर्यंत पाणी निवळलं, तसा तिने मासा परत टाकीत सोडला. दिवा लावून येसूबाई टाकीपाशी आल्या आणि बघतात तो मासा नाही. खडकामागे नाही, कोपऱ्यात नाही.

"गेला!" त्या ओरडल्या. "अगं, गेला गं तो!" ज्या घरात उभ्या जन्मात मासा शिरला नव्हता, त्या घरच्या बाईच्या डोळ्यांत माशासाठी पाणी आलं.

पद्मजा धावत आली. तळाशी बघितलं आणि हसली. ह्या घरात ती पहिल्यांदाच अशी खळखळून हसली.

"गेला नाही हो आई, निजलाय. स्वतःचं अंथरूण मिळालं ना त्याला."

येसूबाई हसल्या नाहीत. वाळूत कुठे काही हलतंय का बघत राहिल्या. मग त्यांनी सुनेच्या डोळ्यांखालच्या काळ्याकडे बघितलं. एकाएकी त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल ओढलं आणि ह्या वयात माळ्यावर हात घातला.

वरून गोधडी आली. पद्मजेच्या आईने आपल्या जुन्या लुगड्यांची शिवलेली, धुऊन धुऊन विटलेली. लग्नाच्या सामानातून ती निघाली तेव्हा येसूबाईंनीच ती वर टाकली होती. आमच्याकडे काय गाद्या नाहीत? लोक म्हणतील, सुनेला चिंध्यांवर निजवतात! टाकली होती तीही मायेनेच. चिपा निवडल्या त्याच मायेने.

त्यांनी गोधडी झटकली. वीतभर जाड गादी गुंडाळून भिंतीशी उभी केली आणि जमिनीवर चटई घालून वर गोधडी पसरली. पद्मजा दारात उभी होती. ती खाली बसली आणि एका जुन्या काठावरून नुसता हात फिरवत राहिली.

रविवारी कमळाकर आला तेव्हा ऊन पार स्वयंपाकघरात पोचलं होतं. चहा कुणीच केला नव्हता. त्याने दारातूनच हाक घातली, "पद्मे, आवरलंस का गं? एसटी चुकेल!"

येसूबाई आतून जवळजवळ धावतच आल्या. ओठांवर बोट होतं.

"हळू हो, कमळाकर," त्या कुजबुजल्या. "पोर निजलीय."