वह्यातुला

साहेब जितके जड, तितका विशाखाबाईंचा फायदा. अर्थमंत्र्यांचा वाढदिवस, त्यांची वह्यातुला, आणि तोलल्या तेवढ्या वह्या बाईंच्या शाळेला. किलोला पाच वह्या बसतात. मागल्या वाढदिवसाला साहेब गुळानं तोलले, तेव्हा ब्याण्णव किलो भरले होते. म्हणजे चारशे साठ वह्या. चिकलठाण्याच्या शाळेत पोरं दोनशे तीस, पोरागणिक दोन. मुख्याध्यापिका बाईंनी हे एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आधीच मांडून ठेवलं होतं.

पण गुलमंडीच्या मांडवापाशी साहेब गाडीतून उतरले आणि बाईंचा हिशेब विस्कटला. सदरा तोच, आत माणूस निम्मा. फार तर साठ किलो. पोरागणिक सव्वा वही. सव्वा वही वाटायची कशी?

शेजारी कृष्णाशेठ मात्र खुलले. वह्या त्यांच्या दुकानातल्या, आणि फुकट द्यायच्या होत्या. "लईच उतरले हो," ते हळूच म्हणाले. "पुढच्या आठवड्यात मंत्र्यांची खाती बदलणार म्हणं. आजारी माणसाचं आधी जातं."

साहेब पारड्यातल्या गादीवर बसले. त्यांचे खास कार्यकर्ते अप्पाराव माईकवरून वह्या मोजू लागले. तीनशे झाल्या, पारडं हललं नाही. चारशे झाल्या. चारशे साठाव्या वहीला दोन्ही पारडी समोरासमोर आली आणि ताशा कडाडला.

"बाई, हे कसं काय?" कृष्णाशेठचा चेहरा पडला. "माणूस निम्मा अन् वजन पुरं? हार घालायला जाताय ना, जरा बघून या."

बाईंनाही राहवेना. हार घालताना त्या गरजेपेक्षा जास्त वाकल्या. गादीच्या शिवणीतून बारीक वाळू पारड्यात सांडत होती. मान वर केली, तर साहेब त्यांच्याकडेच बघत होते. चार अर्थसंकल्प मांडलेला माणूस, कपाळावर घाम.

"किती पोरं आहेत बाई?"

"दोनशे तीस."

"दोन-दोन येतील?"

"येतील साहेब."

"मग झालं तर."

खाली कृष्णाशेठ वाट बघतच होते. "काय दिसलं?"

"हाडं जड असतील हो," बाई म्हणाल्या.

अप्पारावांना मात्र यश चढलं. "बघा पेपरवाले! म्हणं साहेब आजारी! ब्याण्णव किलो, तोळाभर कमी नाय! आता गाडी नाय अन् बिडी नाय, साहेब इथून क्रांती चौकापर्यंत पायी येणार!"

जूनचा पहिला आठवडा, दुपारचा एक. साहेबांनी अप्पारावांकडे पाहिलं, मग कॅमेऱ्यांकडे. ब्याण्णव किलोच्या माणसाला आता नाही म्हणायची सोय नव्हती. कुणाचा हात न धरता ते पारड्यातून उतरले.

बाईंनी टेम्पोत गठ्ठे मोजून घेतले. चारशे साठ, एकही कमी नाही. कृष्णाशेठच्या दीडेकशे वह्या वाळूपायी गेल्या. अप्पारावांचं काहीच गेलं नाही.

पैठण गेटपाशी बाईंचा टेम्पो मिरवणुकीच्या कडेनं पुढं आला. साहेब सगळ्यांत पुढं, हात जोडून, पाय ओढत चालले होते. घामानं सदरा पाठीला चिकटला होता आणि खालच्या बरगड्या एकेक करून मोजता येत होत्या.

तेवढ्या मात्र बाईंनी मोजल्या नाहीत.